पायथन २.७ च्या टेस्ट ३.१२ वर नेताना लाल राहू द्या, आधी हिरव्या तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पायथन २.७ वर लिहिलेल्या शेकडो टेस्ट स्क्रिप्ट आहेत, काही युनिटटेस्टच्या (पायथनसोबतच येणारी टेस्टची लायब्ररी), काही नोजवर (टेस्ट शोधून चालवणारं जुनं टूल) चालणाऱ्या, काही नुसतं आउटपुट छापून जुन्या सेव्ह केलेल्या फाईलशी ताडून बघणाऱ्या. अर्ध्या फाईलींवर टू-टू-थ्री (२ चा कोड आपोआप ३ चा करणारं टूल) चालवून झालंय, उरलेल्या जसजसा एरर आला तशा हाताने दुरुस्त केल्यात, आता ३.१२ वर बऱ्याचशा हिरव्या, म्हणजे पास, आणि थोड्या लाल, म्हणजे फेल, आहेत. लाल संपवल्या की काम झालं का, आणि मुळात आधी टेस्ट न्यायच्या का आधी कोड?

झालं नाही. लाल टेस्ट तुम्हाला स्वतःहून सांगते की माझं काय बिघडलंय, ओळ नंबरसकट सांगते, ती दुरुस्त होणारच आज ना उद्या. मला काळजी वाटते ती त्या हिरव्यांची, कारण भाषेची आवृत्ती बदलली की काही टेस्ट काहीही न तपासता पास व्हायला लागतात आणि त्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. हे उत्तर मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे, लाल टेस्टची यादी कुठेही मिळेल.

पण त्याआधी एक काम, आणि ते अजून केलं नसेल तर आजच करा. जुनं २.७ चं एनव्हायरनमेंट जसंच्या तसं, त्याच लायब्ररी व्हर्जनसकट, एका कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या गोठवलेल्या डब्यात, बंद करून ठेवा. पायथन २ ला अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, शेवटचं २.७.१८ त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं, त्यानंतर जुनी पॅकेजेस दरवर्षी थोडी थोडी इन्स्टॉल व्हायची बंद होतात, आत्ता चालतंय ते पुढच्या वर्षी उभं राहीलच असं नाही. त्या कंटेनरमध्ये सगळ्या टेस्ट चालवा आणि प्रत्येक टेस्टचं पूर्ण नाव आणि निकाल एका फाईलमध्ये लिहून घ्या. नुसती एकूण संख्या नको, नावं हवीत, म्हणजे पास कोणत्या, फेल कोणत्या, स्किप कोणत्या. नंतर नव्या आवृत्तीवर तीच यादी काढायची आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. जवळपास प्रत्येक अपग्रेडमध्ये या दोन याद्यांतच सगळ्यात मोठा घोळ सापडतो, कारण ज्या टेस्ट नव्या रनरला, म्हणजे टेस्ट शोधून चालवणाऱ्या टूलला, दिसतच नाहीत त्या लालही होत नाहीत आणि हिरव्याही नाहीत, त्या नुसत्या गायब असतात.

जुन्या बाजूला असतानाच अजून दोन गोष्टी करून घ्या. एक, २.७ ला वजा ३ हा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, देऊन टेस्ट चालवा, तो पुढे बदलणाऱ्या बऱ्याच गोष्टींची वॉर्निंग देतो, आणि पूर्णांकांच्या भागाकाराच्या ओळीसुद्धा दाखवतो, जे टू-टू-थ्री करत नाही कारण त्याला कोड वाचून कळणारच नाही की तिथे पूर्णांक येतोय का दशांश. दोन, वजा कॅपिटल आर हा फ्लॅग देऊन चालवा. त्याने हॅश रँडम होतो, म्हणजे डिक्शनरी आणि सेटचा क्रम दर वेळी बदलतो. पायथन ३.३ पासून हे डीफॉल्टच चालू आहे पण २.७ मध्ये बंद असायचं, त्यामुळे कित्येक जुन्या टेस्ट योगायोगाने ठरलेल्या क्रमावर उभ्या असतात. त्या इथेच, जुन्या आवृत्तीवरच पाडून घ्या आणि तिथेच दुरुस्त करा, म्हणजे नंतर कळेल तरी की ही पडझड भाषा बदलल्यामुळे नाही, आधीपासूनच होती.

आता आधी टेस्ट का आधी कोड. माझं मत अगदी पक्कं आहे, आधी टेस्ट, आणि त्या दोन्ही आवृत्त्यांवर चालतील अशाच न्यायच्या. एकच टेस्ट फाईल २.७ वर जुन्या कोडला तपासते आणि ३ वर नव्या कोडला तपासते, हा एकमेव साक्षीदार आहे तुमच्याकडे. टेस्ट पूर्ण ३ ची करून टाकली आणि कोडही त्याच दिवशी बदलला, तर मग दोन्हीत एकसारखी चूक झाली तर ती सांगणार कोण? याचं नेहमीचं उदाहरण भागाकाराचं. कोडमध्ये एकूण भागिले दोन असं लिहिलंय, टेस्टमध्येही अपेक्षित उत्तर काढायला एकूण भागिले दोनच लिहिलंय. २.७ मध्ये सातचे तीन यायचे, ३ मध्ये साडेतीन येतात, दोन्ही बाजूंना साडेतीन येतात, टेस्ट हिरवी, आणि पान नंबर किंवा बॅचची साईज तीन पॉइंट पाच होऊन पुढे जाते. म्हणून टेस्टमधलं अपेक्षित उत्तर हे हाताने लिहिलेला आकडा असावं, सूत्र नसावं. जिथे सूत्र दिसेल तिथे २.७ वर चालवून आलेला आकडा तिथे टाकून द्या, हे काम कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज नाही.

राउंडचंही तसंच. अडीच राउंड केले तर पायथन २ मध्ये तीन यायचे, ३ मध्ये दोन येतात, कारण बरोबर मध्यावरची संख्या आता जवळच्या सम संख्येकडे जाते. पैशाचे हिशोब असतील तर या एका गोष्टीसाठी वेगळी टेस्ट लिहा, आधीच्या टेस्टमध्ये बरोबर मध्यावरचा आकडा कुणी वापरलेला नसतोच.

दोन्हीकडे चालणाऱ्या टेस्टसाठी सिक्स (दोन्ही आवृत्त्यांतले फरक झाकणारी) लायब्ररी वापरली तरी चालेल, किंवा ३ ची वागणूक २.७ मध्येच चालू करणारा फ्यूचर इम्पोर्ट वरती टाकून भागत असेल तर अजून उत्तम. आणि कृपा करून याच वेळी टेस्टची सजावट बदलू नका. म्हणजे युनिटटेस्टच्या क्लासमधून पायटेस्टच्या (हा नोजच्या जागी आता वापरायचा रनर) साध्या फंक्शनमध्ये नेणं, नावं सुधारणं, मोठ्या टेस्ट फोडणं, हे सगळं चांगलंच आहे पण नंतर. मोह फार होतो हे माहितीये, फाईल उघडलीच आहे तर करून टाकू असं वाटतं, मग कमिटमध्ये चारशे ओळी बदललेल्या दिसतात आणि रिव्ह्यू करणारा डोळे मिटून ओके देतो. टूलने केलेले बदल एका कमिटमध्ये, आणि त्यात हाताने एक अक्षर नाही. हाताने केलेले वेगळ्या कमिटमध्ये. जिथे अपेक्षित उत्तर बदललं ती तिसरी जात, तिच्या कमिटमध्ये प्रत्येक बदलाचं कारण लिहायचं, तिथे आळस नको.

सरळ २.७ वरून ३.१२ वर उडी मारण्यापेक्षा मध्ये ३.९ वर थांबा असं मी सांगेन. तिथे कायमचं राहायचं नाहीये, फक्त एक पायरी म्हणून. कारण असं की ३.९ वर बऱ्याच जुन्या गोष्टी अजून चालतात आणि वॉर्निंग देतात, ३.१० पासून त्या एकेक काढून टाकल्यात. ३.१० ने कलेक्शन्स मॉड्यूलमधली कॉलेबल, मॅपिंग वगैरे जुनी नावं काढली, नोजचं शेवटचं व्हर्जन २०१५ मधलं, ते तिथेच मरतं. ३.१२ ने युनिटटेस्टमधली (असर्ट म्हणजे निकाल अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारी ओळ) असर्ट-इक्वल्स, फेल-अनलेस, नुसतं असर्ट-अंडरस्कोर, असर्ट-रेझेस-रेगेक्सपी ही सगळी जुनी नावं काढली, डिस्टयूटिल्स आणि इम्प ही मॉड्यूल्स काढली. ३.१३ ने तर टू-टू-थ्री स्वतःच काढून टाकलं, त्यामुळे ते वापरायचं असेल तर जुन्या पायथनमधूनच वापरावं लागेल. ३.९ वर सगळं चालू झालं की मग पायअपग्रेड किंवा रफ ही जुना कोड आपोआप सुधारणारी टूल्स लावून ही नावं एका फटक्यात बदलता येतात, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. फक्त असर्ट-आयटेम्स-इक्वलचं नवं नाव असर्ट-काउंट-इक्वल आहे, नावावरून वाटतं नुसती संख्या मोजतं, तसं नाहीये, घटकही ताडून बघतं, घाबरून दुसरं काही लिहू नका.

आता रनर, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण टेस्ट गायब होतात त्या इथेच. नोजवरून पायटेस्टवर जाताना पायटेस्ट ४.६ हा पूल म्हणून वापरा, २.७ वर चालणारं ते शेवटचं, आणि ३.९ वरही चालवता येतं. नोज फाईल शोधताना बराच सैल असतो, टेस्ट्स डॉट पाय अशा नावाची फाईल तो उचलतो. पायटेस्टला डीफॉल्ट सेटिंगमध्ये टेस्ट-अंडरस्कोरने सुरू होणारी किंवा अंडरस्कोर-टेस्टने संपणारी फाईल लागते, टेस्ट्स डॉट पाय त्याला दिसतच नाही! फंक्शनचंही तेच, नोजला नावाच्या मध्ये अंडरस्कोरनंतर टेस्ट आलं तरी चालायचं, पायटेस्टला नावाची सुरुवातच टेस्टने लागते. सेटिंग्जमध्ये नमुने वाढवून हे सुटतं, पण मुळात कळायला हवं ना, म्हणून ती नावांची यादी. उलटंही होतं बरं का, नोज एक्झिक्युटेबल परमिशन असलेल्या फाईली गुपचूप सोडून देतो, त्यामुळे कुणीतरी कधीतरी परमिशन बदललेली फाईल वर्षानुवर्षं चाललेलीच नसते आणि पायटेस्टवर गेल्यावर अचानक दहावीस नव्या टेस्ट उगवतात, त्यातल्या निम्म्या फेल. त्या अपग्रेडमुळे फेल झाल्यात असं समजून त्यात दिवस घालवू नका, आधी २.७ वर एकेकट्या चालवून बघा.

यील्ड वापरून लिहिलेल्या टेस्ट हा त्याहून वाईट प्रकार. नोजमध्ये एक टेस्ट फंक्शन यील्ड करून पन्नास छोट्या टेस्ट तयार करायचं. पायटेस्ट ४.० पासून ते बंद झालं, पण बंद होताना त्याने एरर दिला नाही, तर त्या टेस्टला अपेक्षित फेल असा शिक्का मारला आणि न चालवताच पुढे गेला. रिपोर्टमध्ये एक छोटा एक्स दिसतो, शेवटची ओळ हिरवी किंवा पिवळी, सीआय (प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) खुश. पन्नास तपासण्या गेल्या. म्हणून याद्या ताडताना पास-फेलबरोबर स्किप आणि एक्सफेल (तोच अपेक्षित फेलचा शिक्का) हे दोन्ही आकडे बघायचेच, ते वाढले असतील तर प्रत्येकाचं कारण वाचायचं. यील्डवाल्या टेस्टना पॅरामेट्राइझ करून घ्या, म्हणजे एकाच टेस्टला वेगवेगळ्या इनपुटची यादी द्या, ते सरळ होतं.

आणि सेटअप. पायटेस्टच्या साध्या क्लासमध्ये, म्हणजे टेस्टकेसवरून न आलेल्या, नुसत्या सेटअप आणि टिअरडाउन नावाच्या मेथड नोजच्या पद्धतीच्या म्हणून चालवल्या जायच्या. पायटेस्ट ८ ने नोजचा सपोर्ट काढला, आता त्यांना कुणी बोलवत नाही. सेटअप चालला नाही तर निदान टेस्ट कुठेतरी आपटते, टिअरडाउन चालला नाही तर काहीच होत नाही, तात्पुरत्या फाईली साठत जातात आणि तिसरीच टेस्ट कधीतरी पडते. नाव बदलून सेटअप-मेथड, टिअरडाउन-मेथड करा.

स्किपचं आणखी एक. जुन्या टेस्टमध्ये वरती कुठेतरी आवृत्ती बघून स्किप करायची अट असते, आणि ती पुष्कळदा व्हर्जनच्या स्ट्रिंगची पहिली तीन अक्षरं कापून केलेली असते. ३.१२ ची पहिली तीन अक्षरं म्हणजे ३.१. आता ती अट समजते की आपण २००९ च्या पायथनवर आहोत आणि ३.३ च्या पुढच्यासाठी लिहिलेल्या सगळ्या टेस्ट सोडून देते. सगळ्या कोडमध्ये असं कापाकापीचं काम शोधा आणि व्हर्जन-इन्फो या टपलशी, म्हणजे आवृत्तीच्या आकड्यांच्या संचाशी, तुलना करा. इम्पोर्ट फसला तर स्किप करा असं लिहिलेल्या फाईलीही शोधा, यूआरएललिब-टू किंवा स्ट्रिंग-आयओ ही मॉड्यूल्स नव्या पायथनमध्ये त्या नावाने नाहीतच, मग पूर्ण फाईल शांतपणे स्किप.

आता हिरव्या पण पोकळ टेस्ट. तुम्ही म्हणताय अर्ध्या फाईली हाताने नेल्यात, तर या हाताने नेलेल्या फाईलींवर जास्त लक्ष द्या. कारण टू-टू-थ्रीला निदान काही गोष्टी माहिती आहेत. उदाहरणार्थ मॅप. जुन्या काळी लोक एका ओळीत काम उरकायला मॅपला असर्टचं फंक्शन आणि यादी द्यायचे, म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर असर्ट. पायथन ३ मध्ये मॅप आळशी आहे, कुणी मागितल्याशिवाय एकही घटक काढत नाही, आणि इथे मागतंय कोण? एकही असर्ट चालत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, टेस्ट पास. टू-टू-थ्री याला लिस्टमध्ये गुंडाळतं आणि इथे लूप लिहा असंही सुचवतं, पण हाताने नेलेल्या फाईलीत ही ओळ कधी एररच देत नाही त्यामुळे तिच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं. आणि टूलने गुंडाळलेली लिस्ट पुढे कुणीतरी ही कशाला हवीय म्हणून काढून टाकतो तो धोका आहेच. सरळ फॉर लूप लिहून टाका.

फिल्टर हे मॅपचंच भावंड. असर्ट-ट्रूमध्ये फिल्टरचा निकाल दिलेला असतो, म्हणजे यादीत असं काहीतरी आहे ना हे तपासायला. पूर्वी रिकामी लिस्ट आली की ती खोटी धरली जायची आणि टेस्ट फेल व्हायची. आता फिल्टर ऑब्जेक्ट येतो, तो आतून रिकामा असला तरी नेहमी खराच. ही टेस्ट आता जगात काहीही झालं तरी पास होणार. स्वतःच्या क्लासमध्ये नॉन-झिरो नावाची स्पेशल मेथड लिहिली असेल तर ३ मध्ये तिचं नाव बूल झालंय, बदललं नाही तर तो ऑब्जेक्टही कायम खरा, मग असर्ट-ट्रू असलेल्या सगळ्या टेस्ट फुकटच्या हिरव्या. असर्ट-फॉल्सवाल्या मात्र पडतात, त्यावरून कधीकधी सुगावा लागतो.

स्ट्रिंग आणि बाइट्स. हे माहिती नाही असं कुणी नसेल, तरी टेस्टमध्ये त्याचा एक विशेष प्रकार आहे. ३ मध्ये तीच अक्षरं असलेली स्ट्रिंग आणि बाइट्स यांची तुलना केली तर सरळ असमान येतं, कुठलीही तक्रार न करता. म्हणजे असर्ट-इक्वल असेल तर टेस्ट पडेल, कळेल. पण असर्ट-नॉट-इक्वल असेल, किंवा अमुक शब्द या यादीत नाही असं तपासलं असेल, तर ती कायमची पास. पासवर्ड हॅश झाल्यावर मूळ पासवर्डसारखा राहत नाही ना, लॉगमध्ये टोकन येत नाही ना, अशा टेस्ट नेमक्या या जातीच्या असतात, म्हणजे सिक्युरिटीच्याच! यावर उपाय फार सोपा आहे आणि फार कमी लोक वापरतात: पायथनला वजा बी बी हा फ्लॅग द्या, अशी तुलना झाली की ती एरर बनते. सीआयमध्ये कायमचा लावून ठेवा.

असर्ट-रेझेस हा माझा सगळ्यात नावडता. टेस्ट म्हणते की चुकीचा इनपुट दिला तर टाइप-एरर यायला हवा. येतोही. पण तो तुमच्या व्हॅलिडेशनमधून येतोय का? पायथन २ मध्ये नन (काहीच नाही ही किंमत) आणि तीन यांची लहानमोठी तुलना खुशाल चालायची, ३ मध्ये ती स्वतःच टाइप-एरर फेकते. म्हणजे व्हॅलिडेशनची ओळ उडवली तरी टेस्ट हिरवीच राहणार. नुसतं एक्सेप्शन अपेक्षित धरलं असेल तर विचारूच नका, युनिकोड किंवा एक्सरेंज हे नाव सापडलं नाही म्हणून आलेला नेम-एररही तिला चालतो. अशा सगळ्या ठिकाणी मेसेजचा एखादा शब्द तपासा, पण तुमच्या स्वतःच्या कोडमधल्या मेसेजचा. पायथनचे स्वतःचे एरर मेसेज आवृत्तीगणिक बदलतात, त्यावर टेस्ट उभी करणं म्हणजे पुढच्या अपग्रेडला स्वतःसाठी काम काढून ठेवणं.

मॉकमध्ये, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्या गोष्टीच्या जागी ठेवायच्या नकली ऑब्जेक्टमध्ये, मात्र नवी आवृत्ती तुमच्या बाजूने आहे. जुन्या टेस्टमध्ये असर्ट हा शब्द विसरून नुसतं कॉल्ड-वन्स-विथ लिहिलेलं भरपूर सापडतं, मॉक ऑब्जेक्ट कुठलंही नाव मागितलं तरी देतो त्यामुळे ते गपचूप चालायचं आणि काही तपासायचं नाही. ३.१२ पासून अशा नावाला ॲट्रिब्यूट-एरर येतो. असर्ट-कॉल्ड-वन्सचंही, जुन्या मॉक लायब्ररीत ती मेथडच नव्हती, तरी लोक वापरायचे आणि पास व्हायचं, आता ती खरी मेथड आहे. त्यामुळे अपग्रेडनंतर मॉकच्या टेस्ट लाल झाल्या तर चिडू नका आणि घाईने ती ओळ उडवूही नका. ती टेस्ट लिहिल्या दिवसापासून झोपलेली होती, आज पहिल्यांदा जागी झालीये, आणि बऱ्याचदा कोडमध्ये खरंच काहीतरी दोनदा कॉल होत असतं.

आउटपुट फाईलशी ताडणाऱ्या स्क्रिप्टबद्दल. इथे सगळ्यात मोठा मोह म्हणजे नव्या पायथनवर चालवायचं, आलेलं आउटपुट जुन्या फाईलवर कॉपी करायचं आणि पुढे जायचं. तसं करणार असाल तर त्या टेस्ट डिलीट केल्या तरी चालतील. त्याऐवजी फरक पडायची ठरलेली कारणं असतात, ती एकेक करून काढा. दशांशाची छपाई: शून्य पॉइंट एक अधिक शून्य पॉइंट दोन हे पायथन २ चा प्रिंट ०.३ असं दाखवायचा, ३ पूर्ण ०.३०००००००००००००००४ दाखवतो, आकडा तोच आहे, छापायची पद्धत बदलली. यासाठी स्क्रिप्टमध्ये फॉरमॅट ठरवून द्या, दोन्ही आवृत्त्यांना एकच येईल. जेसन इंडेंट करून लिहिलं असेल तर जुना पायथन स्वल्पविरामानंतर ओळीच्या शेवटी एक स्पेस सोडायचा, ३.४ पासून सोडत नाही, डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि डिफमध्ये प्रत्येक ओळ लाल. हेल्प मेसेज ताडत असाल तर आर्गपार्सचं ऑप्शनल आर्ग्युमेंट्स हे शीर्षक ३.१० पासून नुसतं ऑप्शन्स झालंय. डिक्शनरीचा क्रम ३.७ पासून टाकलेल्या क्रमाने राहतो, सेटचा अजूनही राहत नाही, तर छापण्याआधी सॉर्ट करा. ही कारणं स्क्रिप्टमध्येच, दोन्ही आवृत्त्यांवर सपाट केली की जे फरक उरतात ते थोडे असतात आणि ते खरे असतात, ते माणसाने बसून वाचायचे.

सीड (दर वेळी तेच रँडम आकडे यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) देऊन रँडम डेटा बनवणाऱ्या टेस्टही याच गटातल्या. तोच सीड दिला तरी रँड-इंट, चॉइस वगैरेंचे निकाल पायथन ३ मध्ये वेगळे येतात कारण आतली पद्धत ३.२ मध्ये बदलली. २.७ वर तो डेटा तयार करून फाईलमध्ये ठेवा, टेस्ट ती फाईल वाचू दे. पिकल (पायथनचा स्वतःचा डेटा साठवायचा प्रकार) करू मात्र नका, पायथन २ ने पिकल केलेल्या स्ट्रिंग ३ वर उघडताना एन्कोडिंग सांगावं लागतं आणि चुकीचं सांगितलं तर कचरा येतो, जेसन बरं. तुमच्याकडे आधीच पिकल फाईली असतील तर २.७ चा कंटेनर आहे तोवर त्या जेसनमध्ये काढून घ्या, नंतर जड जाईल.

एक राहिलं, टू-टू-थ्रीला फोल्डर दिलं तर ते डॉट पाय एक्सटेन्शनच्याच फाईली बघतं. एक्सटेन्शन नसलेल्या स्क्रिप्ट आणि टेक्स्ट फाईलीतले डॉकटेस्ट (मजकुरातच लिहिलेली, चालवून तपासता येणारी उदाहरणं) तसेच राहतात, डॉकटेस्टसाठी वेगळा फ्लॅग द्यावा लागतो.

मग हिरव्या टेस्ट खरोखर तपासतायत हे कळणार कसं, सगळ्या वाचत बसणार का? नाही. दोन उपाय आहेत. पहिला, कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना कोणत्या ओळी चालल्या त्याची नोंद, काढताना लोक टेस्टचं फोल्डर वगळतात, तुम्ही ते आत घ्या. टेस्ट फाईलमधल्या ज्या ओळी कधी चालल्याच नाहीत त्या समोर येतात: मॅपला दिलेलं आणि कधीच न बोलावलेलं असर्टचं फंक्शन, अट खोटी झाल्यामुळे सुटलेला ब्लॉक, एकाच नावाची दोन टेस्ट फंक्शन्स असल्यामुळे झाकली गेलेली पहिली. ओळीच्या आतल्या लॅम्डाला (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनला) हे पकडत नाही, तेवढं लक्षात ठेवा. २.७ आणि ३ दोन्हीकडचं हे कव्हरेज ताडून बघा, फरक जिथे असेल तिथेच वाचायचं.

दुसरा उपाय, कोड मुद्दाम बिघडवा. एक मॉड्यूल घ्या, मोठे-पेक्षाचं चिन्ह उलटं करा, एक रिटर्न रिकामा करा, व्हॅलिडेशनची ओळ काढा, आणि कोणत्या टेस्ट लाल होतात ते २.७ वर आणि ३ वर बघा. जुन्यात पाच लाल झाल्या आणि नव्यात तीन, तर त्या दोन पोकळ झाल्यात, लगेच हातात सापडतात. म्यूटमटसारखं टूल हे आपोआप करतं, पण ते पूर्ण कोडवर चालवायला फार वेळ खातं, पैशाचा हिशोब, परवानग्या आणि डेटा पार्सिंग एवढ्यावरच चालवा, बाकीच्यांना हाताने दोनचार बिघाड पुरतात.

सीआयमध्ये शेवटी हे असू दे: दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी, वजा बी बी चालू, डेप्रिकेशन वॉर्निंगला एरर बनवणारा फ्लॅग चालू (आधी फक्त तुमच्या स्वतःच्या कोडपुरता, नाहीतर बाहेरच्या लायब्ररी तुम्हाला काम करू देणार नाहीत), आणि टेस्टची एकूण संख्या ठरावीक आकड्याखाली गेली तर बिल्ड फेल. युनिटटेस्ट ३.१२ पासून एकही टेस्ट चालली नाही तर एक्झिट कोड ५ देतं, त्याआधी शून्य टेस्टलाही ओके म्हणायचं, पण हजारातल्या तीनशे गायब झाल्या तर ते अजूनही काही बोलत नाही, तो आकडा तुम्हालाच ठेवावा लागेल.

२.७ ची बाजू कधी बंद करायची हे विचारलं नाहीये पण पुढचा प्रश्न तोच येणार. कोड प्रॉडक्शनमध्ये ३ वर गेला आणि महिन्याअखेरचे, वर्षाअखेरचे असे जे काही क्वचित चालणारे जॉब आहेत ते एकदा नव्यावर होऊन गेले, की मग बंद करा. सिक्स आणि आवृत्ती बघणाऱ्या अटी त्यानंतर काढायच्या, पायअपग्रेड त्यातलं बरंचसं स्वतः काढतं, उरलेल्या हाताने, आणि त्या काढल्यावर टेस्टच्या नावांची यादी पुन्हा एकदा जुन्या यादीशी लावून बघायची.